मंगळवारची गैरहजेरी

त्या मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता मी हजेरीपटावर मुनीरभाईंच्या नावापुढे लाल शाईनं 'गै' लिहिला. रागानं लिहिला, कागदाच्या मागच्या बाजूला उमटेल इतका दाबून. महिन्यातली ती त्यांची दुसरी गैरहजेरी होती आणि नेहमीसारखी नेमकी आढावा बैठकीच्या दिवशीची. 'काम टाळण्याची प्रवृत्ती' असा एक रकाना आमच्या कामगिरीच्या तक्त्यात आहे. तो मीच घातलेला. त्यातलेही दोन गुण वजा केले आणि मग बैठक सुरू केली. सव्वा वाजता त्यांच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला. "मॅडम, अब्बू गेले. जळकोटच्या स्टँडवर... बाकड्यावर बसल्या बसल्या." मी विचारलं, "जळकोटला कशाला गेले होते?" बाप गेल्याचं सांगणाऱ्या पोरीला माझा पहिला प्रश्न हा होता. ती म्हणाली, "माहीत न्हाई, मॅडम." नंतर कळलं, ते साडेदहाच्या सुमारास गेले होते. म्हणजे मी लाल पेन उचललं तेव्हा मुनीरभाईंना जाऊन तास झाला होता... मेलेल्या माणसाचे गुण कापणारी माझ्यासारखी दुसरी बाई असेल असं मला वाटत नाही.

आमची संस्था लातुरात आहे. लातूर आणि नांदेडच्या गावागावांतून, घरोघरी पडून असलेले जुने कागद जमवायचे, साफ करायचे, स्कॅन करायचे आणि जपून ठेवायचे हे आमचं काम. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले, त्यामुळे आमच्याकडे कुणब्याच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीतसुद्धा उर्दू कागद निघतो. जमिनीचा पट्टा, तंट्याचा निकाल, कुणाची तरी जबानी. घरात तो कुणालाच वाचता येत नाही, पण कुणी फेकतही नाही. देवांच्या फोटोमागं, लुगड्यांच्या घडीत, कुठंतरी तो तीन पिढ्या पडून असतो. मुनीरभाई हे कागद वाचत. ते मूळचे उदगीरचे. वडील तहसिलीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. कचेरीतलं ते धावतं, घसटलेलं जुनं अक्षर मुनीरभाई त्यांच्या शेजारी बसून लहानपणीच शिकले. शाळेत उर्दू शिकलेल्या माणसालाही ते अक्षर लागत नाही. आमच्या पाच माणसांच्या संस्थेत ते वाचणारे मुनीरभाई एकटेच होते. मी व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा त्यांची संस्थेत अकरा वर्षं झाली होती. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास, अंगात स्वच्छ पांढरा कुर्ता, खिशात रुमालात गुंडाळलेलं भिंग. त्यांच्या टेबलापाशी कायम दोन खुर्च्या असत. एक त्यांची आणि दुसरी, कागद घेऊन येईल त्याची.

आल्या आल्या मी त्यांच्यासोबत निलंग्याच्या बाजूच्या एका गावी गेले होते. घरात दोन भाऊ, दोघांत बोलणं नाही, अंगणात मधोमध भिंत. पेटी थोरल्याच्या वाटणीत आलेली. मुनीरभाई ओसरीवर बसले आणि म्हणाले, "दोन्ही घरं बसल्याशिवाय मी कागदाला हात लावत न्हाई." दीड तास गेला. मी घड्याळ बघत होते, ते चहा पीत होते. शेवटी धाकटा आला, त्याच्यामागं त्याची बायको आली, आतून सुना आल्या, दोघा भावांची आई आली. मुनीरभाईंनी पाणी मागितलं, भिंग पुसलं आणि म्हणाले, "ऐका हो. तुमच्या पणज्याचं बोलणं हाय हे, मी निस्ता तोंड हाय." आधी एक वाक्य उर्दूत वाचायचे, मग तेच त्या घराच्या मराठीत सांगायचे. पणजोबांनी कचेरीत दिलेली तक्रार होती. शेजाऱ्याच्या म्हशीनं उभ्या ज्वारीत शिरून किती कणसं खाल्ली, याचा बारीकसारीक हिशेब. त्या म्हशीचं नावसुद्धा पणजोबांनी सरकारदरबारी नोंदवलं होतं. धाकटा खो खो हसला आणि थोरला त्याच्याकडे बघत राहिला. वाचून झाल्यावर मुनीरभाईंनी कागदाची घडी केली आणि ती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात ठेवली. ही त्यांची रीतच होती. तिनं तो परत त्यांच्या हातात दिला तर संस्थेत आणायचा, नाही दिला तर उठायचं. म्हातारीनं कागद कपाळाला लावला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दोन दीस." मुनीरभाई म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की," आणि आम्ही हात हलवत एसटीत बसलो. मी वाटभर धुमसत होते. ते म्हणाले, "मॅडम, कागद आधी घराचा, मग आपला." दोन महिन्यांनी तो थोरला भाऊ स्वतः लातूरला येऊन कागद देऊन गेला. पण तोवर माझ्या डोक्यात तक्ता शिरलेला होता.

तक्ता मी दुष्टपणानं केला नव्हता, हे मी आज कुणाला सांगावं? पण सांगते. माझ्याआधी संस्थेत कुणाचं काम चांगलं हे ठरायचं ते अध्यक्षांच्या घरच्या लग्नात कोण किती पंगती वाढतो त्यावर. जो पुढंपुढं करी त्याची बढती, जो खाली मान घालून काम करी तो तिथंच. मला याची चीड होती. पुण्याला तीन दिवसांचं एक शिबिर झालं, सांस्कृतिक संस्थांतल्या माणसांना उमेद कशी द्यावी आणि त्यांचं काम कसं मोजावं यावर. तिथं बोलणारे सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे होते, पण मी वहीभर टिपणं घेऊन आले. पाच रकाने, शंभर गुण. आणलेले कागद, नोंदवलेले कागद, वेळेवर हजेरी, बैठकीतला सहभाग आणि तो शेवटचा. दर महिन्याला तक्ता भिंतीवर लागायचा, पहिल्या येणाऱ्याचा फोटो 'महिन्याचा मानकरी' म्हणून चौकटीत. आणि त्याचा फायदा झाला नाही असंही नाही. स्कॅनिंगवर बसणारी संगीता, चार वर्षं कोपऱ्यात मुकाट काम करणारी पोरगी, पहिल्यांदा चौकटीत आली तेव्हा तिचे डोळे भरून आले. "ताई, मी दिवसभर काय करते ते आज कुणीतरी बघितलं," म्हणाली. ते खरं होतं. त्या एका वाक्यावर मी वर्षभर फुगून हिंडले.

मुनीरभाई दर महिन्याला शेवटचे. इतर लोक पन्नास-पन्नास कागद आणत, ते चार, कधी दोन. मी त्यांना बोलावून म्हटलं, "हे कसं चालायचं?" ते हसून म्हणाले, "ताई, कागद तर रद्दीवाला भी मोजतो. तो किलोवर मोजतो, आपण नगावर मोजून राहिलो, एवढाच फरक." मी चिडले. "मग तुमचं काम मोजायचं कसं, तुम्हीच सांगा." त्यांनी तो प्रश्न खरोखर मनावर घेतला. दोन दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "इचार केला, ताई. घरातली म्हातारी निघताना 'परत या' म्हणली का, ते लिवत जावा." मला हसू आवरेना. म्हातारीचं 'या' मी कुठल्या रकान्यात बसवू? मी ते बैठकीत सगळ्यांना सांगितलं, गंमत म्हणून. सगळे हसले. मुनीरभाईही हसले.

मग बाहेरच्या एका मोठ्या संस्थेनं आम्हाला तीन वर्षांचं काम दिलं आणि दर महिन्याला किती कागद हा आकडा मागितला. मी लेखी हुकूम काढला. गावात जाऊन वाचत बसणं बंद, आधी कागद आणा आणि पावती द्या. वाचन दुसऱ्या टप्प्यात करू. मुनीरभाईंनी हुकूम भिंग लावून वाचला आणि म्हणाले, "मराठी लई चांगलं लिवलंय, ताई." मी म्हटलं, "मुनीरभाई, हे जमणार नसेल तर मला तुमच्या जागी दुसरं माणूस बघावं लागेल." असं मी म्हटलं. घरात नसरीनच्या लग्नाचं चाललं होतं, बायकोला दम्याचा त्रास, हे सगळं माहीत असताना म्हटलं. पुढच्या महिन्यात त्यांनी शंभराच्या वर कागद आणले, त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून जास्त. लोक त्यांना पेट्याच्या पेट्या काढून देत. वीस-वीस वर्षांची ओळख, त्यांच्या शब्दावर कुणीही कागद दिला असता. चौथ्या महिन्यात ते पहिले आले. मी स्वतः मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. त्यात ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, बाजूला बघतात. तो चौकटीत लावला. बघा, मी अध्यक्षांना म्हटलं, मोजलं की माणूस बदलतो...

आठवड्यानं ते आले ते सरळ भिंतीपाशी गेले, चौकट खुंटीवरून काढली आणि माझ्या टेबलावर पालथी ठेवली. रेणापूरच्या बाजूला सोजरबाई म्हणून एक आजी होती. ती पोटात असताना तिचा बाप विहिरीच्या तंट्यात कचेरीत उभा राहिला होता, जबानी दिली होती आणि पुढच्या दोन महिन्यांत पटकीनं गेला होता. तिनं बाप पाहिला नव्हता, त्याचा फोटो नव्हता. होता तो एवढा एक कागद, ज्यात बापाचं बोलणं कारकुनानं शब्दाला शब्द लिहून घेतलं होतं. आधी आईनं जपला, मग हिनं. मुनीरभाई गेले तेव्हा तिनं विचारलं, "भाऊ, माझा बाप काय बोललाय त्यात?" त्या दिवशी त्यांना अजून तीन घरं करायची होती. ते म्हणाले, "पुढच्या खेपंला वाचतो, आजी." तिनं विश्वासानं कागद दिला. बाराव्या दिवशी ती गेली. मुनीरभाईंना तिच्या जाण्याचं कळलं तेव्हा ते कागदाची प्रत घेऊन त्या घरी गेले आणि ओसरीवर बसून वाचू लागले. दोन वाक्यं झाल्यावर तिच्या मुलानं हात जोडले. "चाचा, आता कुणासाठी वाचून राहिले?"

हे सगळं त्यांनी उभ्यानंच सांगितलं. आवाज चढवला नाही. मी खुर्चीवर बसा म्हटलं, ते बसले नाहीत. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्याच दिवशी आकडे पाठवायचे होते. मी म्हटलं, "दुसऱ्या टप्प्यात आपण वाचन घेणारच आहोत ना." ते म्हणाले, "म्हातारी दुसऱ्या टप्प्यापर्यंत थांबली न्हाई, ताई." आणि यावर मी जे बोलले ते मला झोपू देत नाही. मी म्हणाले, "प्रत्येक गोष्ट अशी मनाला लावून घेतली तर संस्था चालायची कशी, मुनीरभाई?"

त्यानंतर त्यांची कामगिरी कोसळली. कागद आणणं जवळजवळ बंद झालं आणि मंगळवारच्या गैरहजेऱ्या सुरू झाल्या. मंगळवार हा आढाव्याचा दिवस. सगळ्यांनी गोल बसून आपापले आकडे सांगायचे. महिन्यातले तीन-तीन मंगळवार मुनीरभाई नसत. विचारलं की म्हणत, "खासगी काम होतं." मला वाटलं रुसलेत, मला धडा शिकवतायत. मग वाटलं, वडिलांसारखे कुठल्यातरी कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसत असतील. मी एकदाही नीट विचारलं नाही, कारण विचारण्याची गरजच नव्हती, तक्ता होता ना. गुण आपोआप कमी होत होते. सलग अकरा महिने ते शेवटचे आले आणि जानेवारीतल्या एका शनिवारी मी त्यांच्या हातात पत्र ठेवलं. मार्चअखेर कराराची मुदत संपते, पुढे नूतनीकरण नाही. त्यांनी पत्र वाचलं, घडी केली, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. "मार्चपर्यंत मंगळवार किती राहिले, ताई?" मला हा प्रश्न उद्धट वाटला. त्यांनी बोटानं एकेक चौकोन मोजला. "अकरा," ते म्हणाले. "होतात का बघतो." मी मनात म्हटलं, बघा, मुदत संपेपर्यंत एकही बैठक करायची नाही असं ठरवलंय या माणसानं. त्यानंतरचा पहिला मंगळवार म्हणजे तो, जळकोटच्या बाकड्यावरचा.

शोकसभेसाठी फोटो हवा होता. नऊ वर्षांच्या माझ्या कारकिर्दीत संस्थेकडे त्यांचा एकच फोटो निघाला, मानकरी म्हणून काढलेला. त्यालाच हार घालायचा की नाही यावर थोडी चर्चा झाली, मग नुसता ठेवला. अध्यक्ष म्हणाले, 'मुनीरभाई म्हणजे चालतंबोलतं ग्रंथालय.' मी मान खाली घालून बसले होते. त्यांना कमी केल्याचं पत्र मी दिलं होतं हे तिथं फक्त मला आणि संगीताला माहीत होतं. संगीतानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात कढीपत्त्याचं झाड. मुनीरभाईंच्या बायकोनं, रझियाभाभींनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. "तुमची लई तारीफ करायचे," म्हणाल्या. "म्हणायचे, आमच्या ताई कडक हायत पण दिल साफ हाय." पत्राबद्दल त्यांनी घरात सांगितलंच नव्हतं. भाभींना वाटत होतं की अजून तीन वर्षं नोकरी होती... मी ते ऐकून घेतलं. जेवायला वाढलं तेही जेवले. मग नसरीननं आतून त्यांची खांद्याला लावायची पिशवी आणून दिली, जळकोटहून आलेली, तशीच. "ऑफिसचे कागद आहेत मॅडम यात. आणि ही वही कसली ते आम्हाला कळत न्हाई." पिशवीत पाण्याची बाटली, रुमालात भिंग, एका जुन्या कागदाची छापील प्रत आणि ती वही. वही उर्दूत, त्यांच्या अक्षरात. मी म्हटलं, "तूच वाच." ती वाचायला लागली. गावाचं नाव, घराचं नाव, म्हाताऱ्या माणसाचं नाव. गावाचं नाव, घराचं नाव, म्हाताऱ्या माणसाचं नाव. पहिलं नाव सोजरबाईचं. तिच्यापुढे फुली होती. पुढच्या नावांपुढे बरोबरची खूण आणि तारीख. अशी एकतीस. नंतर बारा नावं, ज्यांच्यापुढे काही नव्हतं. नसरीन शांतपणे वाचत होती, हुबेहूब बापासारखी, एक वाक्य उर्दूत आणि मग मराठीत.

मला तिथंच कळलं असेल, पण मी कळू दिलं नाही. मी तारखा टिपून घेतल्या, पिशवी घेऊन रिक्षानं ऑफिसात आले आणि हजेरीपट उघडला. एकतीस तारखा, एकतीस मंगळवार. प्रत्येक तारखेला माझ्या हातचा लाल 'गै'. एकही चुकला नाही. सोजरबाईचं घर सोडता, आपल्या शब्दावर ज्या त्रेचाळीस घरांतून न वाचता कागद उचलले होते, त्या घरी हा माणूस स्वतःच्या तिकिटानं, पगार कापून घेऊन, एकेक करून परत जात होता आणि ओसरीवर बसून वाचून दाखवत होता. माझ्या हुकमाचं त्यानं कुठं उल्लंघन केलं नव्हतं. कामाच्या वेळेत वाचायचं नाही असा माझा हुकूम होता, म्हणून ज्या दिवशी नुसते आकडे सांगायचे असत तो मंगळवार त्यानं आपला करून घेतला. बारा घरं राहिली होती आणि अकरा मंगळवार. एका मंगळवारी दोन घरं करावी लागली असती. होतात का बघतो, म्हणाले होते. मी संगीताला विचारलं, "प्रती कोण काढून देत होतं?" ती म्हणाली, "मी." मग रडायलाच लागली. "कुठं नेतात ते मला खरंच माहीत नव्हतं ताई. ते म्हणायचे, ताईंना सांगू नकोस, त्यांच्या तक्त्यात बसत न्हाई हे."

मी ते सगळे 'गै' खोडायला बसले होते, हेही सांगून टाकते. पांढरी शाई आणली, पहिल्या अक्षरावर ब्रश टेकवलाही. मग थांबले. खोडून काय होणार होतं, वरातीमागून घोडं. आणि खोटी नोंद मुनीरभाईंना चालली नसती. जुन्या कागदावरचा डागसुद्धा ते पुसू देत नसत, म्हणत, डाग भी त्याचाच हाय. तो हजेरीपट आहे तसा कपाटात आहे, पहिल्या अक्षरावर पांढरा ठिपका घेऊन.

राहिलेल्या बारा घरांसाठी मी जे करता येईल ते करून पाहिलं. नसरीनला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मला अब्बूंचं अक्षर लागतं. कचेरीचं जुनं अक्षर लागत न्हाई. शिकव म्हणून मीच कधी म्हटलं न्हाई." उर्दू शाळेतल्या दोन गुरुजींना दाखवलं. ते पहिल्या ओळीत अडखळले आणि प्रामाणिकपणे कागद परत केला. नांदेडला एक वृद्ध गृहस्थ आहेत असं कळलं म्हणून गेले, तर त्यांची नजर गेलेली. त्यांनी कागदावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाचून दाखवा, मी अर्थ सांगतो." आमच्या यंत्रात आज हजारो कागद आहेत, स्वच्छ, क्रमांक लावलेले. त्या बाहेरच्या संस्थेनं आमच्या आकड्याचं कौतुक करणारं पत्र पाठवलंय. दुसरा टप्पा एप्रिलपासून सुरू होतोय. संस्थेनं मुनीरभाईंच्या जागेची जाहिरात दिली, तिच्यात पहिली अट संगणकाची आहे. माझ्यापुढे अर्ज पडलेत आणि मी ते उघडलेले नाहीत. राजीनामा द्यावा असं रोज वाटतं. पण राजीनामा दिला की माझी सुटका होईल, त्या बारा घरांची नाही. आणि राहून तरी मी काय करणार आहे, हे मला कुणी सांगत नाही.

परवाच्या मंगळवारी मी बैठक घेतली नाही. घेववत नाही आता. दुपारी दोनच्या सुमारास एक आजी आल्या. अंगावर हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. कुणाला काही न विचारता त्या थेट मुनीरभाईंच्या टेबलापाशी गेल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली आमची पावती काढली. मी नंबर बघितला, नाव बघितलं. कोंडाबाई. जळकोट तालुक्यातलं गाव. वहीतल्या बारा नावांतलं पहिलं, ज्यांच्या कागदाची प्रत पिशवीत होती. त्या दिवशी मुनीरभाई ज्यांच्याकडे निघाले होते त्या ह्या.

"वाचणारे भाऊ कुठं हायत?" त्यांनी विचारलं. "मंगळवारी येतो म्हणून निरोप धाडला व्हता. मी सगळी घरात बसवून ठिवली, लेकीला सासरहून आणली. आले न्हाईत. दीड महिना वाट बघितली, मग म्हणलं आपुनच जावं." संगीता तोवर कपाटातून मूळ कागद घेऊन आली होती. क्रमांक असल्यामुळे दोन मिनिटं लागली फक्त. तो तिनं टेबलावर ठेवला. कोंडाबाईंनी दोन्ही हात जोडून कागदाला नमस्कार केला, मी टेबलावर आणून ठेवलेलं मुनीरभाईंचं भिंग उचललं, कागदावर धरलं आणि खूप वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. "तुमाला येतं का, बाई?"

"नाही," मी म्हणाले.

"भाऊ?"

मला सांगायचं होतं. देवाशपथ सांगते, वाक्य ओठावर होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "आज... आले नाहीत."

कोंडाबाईंनी भिंग कागदाशेजारी नीट ठेवलं, पदर सावरला आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या. "येतील की," त्या म्हणाल्या. "त्यांचं काम तसंच हाय, वेळ लागतो. मी बसते."